एका आण्याचे सहा, चार आण्यांचे पंचवीस

सरकारने नवे पैसे काढले त्याच वर्षी मला नोकरी लागली. हे दोन्ही निर्णय एकाच साहेबाने, भरपेट जेवून झाल्यावर, डोळा लागता लागता घेतले असावेत असं मला अजूनही वाटतं. मी खालापूरची. सातवीची फायनल पास, वय एकवीस, गणित बेताचं, आवाज दांडगा. लोकल बोर्डाने मला कर्जतच्या पुढे, कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका गावात नेमलं. कर्जतला माझी मावशी होती. तिच्याकडे राहायचं आणि रोज तासभर चालत शाळेत जायचं, असं ठरलं. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी. एकतीस मुलं, चार इयत्ता आणि मी. मारुती धरला तर शिक्षक दोन, पण तो हजेरी घ्यायला कधी उठला नाही.

आम्ही लहानपणी जे गणित शिकलो ते आताच्या मुलांना शिकवलं तर ती पोलिसात जातील. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीनाचासुद्धा पाढा होता, त्याला औटकी म्हणत. या औटकीपायी आमच्या गुरुजींनी माझा डावा कान इतका पिळला की तो उजव्यापेक्षा लांब आहे, असं माझी आई शपथेवर सांगायची. एवढं सगळं कशाला, तर रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन. हा छळ सोसून मी ते पाठ केलं, आणि शिकवायला उभी राहते तोच सरकार म्हणालं, रुपयाचे पैसे शंभर, मागचं विसरा. मुलांचं भलंच झालं. पण मला राग आला. दहा वर्षं आधी सुचलं असतं तर माझा कान वाचला असता.

बरं, विसरा म्हटल्यावर विसरलं कोण? जुनी नाणी बाजारात चालूच होती. एका मुठीत दोन आण्यांची चवली, चारची पावली, आठची अधेली आणि त्यांच्यात ही नवी चकचकीत चिल्लर. भाव सांगायचा आण्यात, घ्यायचा नव्या पैशांत. त्यासाठी सरकारने कोष्टक छापून पोस्टात, स्टेशनात आणि आमच्या शाळेत चिकटवायला पाठवलं. एका आण्याचे नवे पैसे सहा. दोन आण्यांचे बारा. तीन आण्यांचे एकोणीस. चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे सकाळी पाढे म्हणताना सहा त्रिक अठरा म्हणणाऱ्याला मी शाबासकी द्यायची आणि दुपारी नव्या पैशांच्या तासाला तेच म्हटलं म्हणून छडी. एका मुलाने मला विचारलं, "बाई, अठराचं एकोनीस कधी व्हतात, जेवल्यावर का?" त्यालाही मी छडी दिली. उत्तर येत नसलं की छडी बरी पडते, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकले होते.

शेवटी मी वर्गात दुकान मांडलं. मावशीच्या यजमानांच्या बुटांचा खोका होता, त्याचा पुठ्ठा आणला. स्टेशनावरच्या तिकीट देणाऱ्या बाबूंकडून प्रत्येक नवं नाणं एकेक उसनं आणलं. त्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की नाण्याचा छाप उठायचा. ते छाप कापून, भाताच्या पेजेने पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही ढीगभर पैसे पाडले. टाकसाळीचं काम मुलांना इतकं आवडलं की पहिल्या आठवड्यात वर्गातल्या एकाने सत्तावन्न रुपये घरी नेले. दुकानात माल म्हणाल तर चिंचोके, रिकाम्या काडेपेट्या, दोऱ्याची रिळं आणि साबणाची झिजलेली वडी. ती वडी तिसरीतला एक मुलगा रोज विकत घ्यायचा, हुंगायचा आणि परत आणून द्यायचा.

या दुकानात माझं पहिलं भांडण झालं ते 'लाभ' या प्रकाराशी. गावात खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. आमच्या खालापूरकडेही तसंच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण मुलं पुठ्ठ्याची नाणीही तशीच मोजायला लागली. मी सांगून दमले की, बाबांनो, हे भात नव्हे, सरकारी पैसा आहे, यात लाभ नसतो. ते ऐकून घ्यायची आणि पुन्हा लाभपासून सुरू करायची. मीही मग नाद सोडला. उत्तर बरोबर येत होतं ना, मग पहिल्या पैशाला काय म्हणायचं ते म्हणा.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मागे त्याची बायको, डोक्यावर रिकामी टोपली. गावातलंच घर. भाताची दोन खाचरं, भात निघाल्यावर त्यात वाल, आणि परसात बारमाही भाजीपाला. बायको तो कर्जतच्या बाजारात नेऊन विकायची.

"बाई, हिला नवं पैसं शिकवा," तो म्हणाला. "बाकी काय नाय शिकवलंत तरी चालंल."

मी विचारलं, नवे पैसेच का. त्याने मागे न बघता अंगठ्याने बायकोकडे खूण केली.

"हिला डोस्कं नाय. जुना पैसा होता तवर बरी विकत होती. नवा आला आन् हिचं समदं फिरलं. वरीस झालं, कोन पन येतं आन् फसवून जातं. आता मी शेत सोडून बाजारात बसतोय हिच्या शेजारी. पोरगी हिशेबाला तयार झाली की ती बसंल आईसंगं. तवर शाळा." मग शिंप्याला विचारावं तसं विचारलं, "किती दिस लागतील? दिवाळीपातुर हुईल?"

बायको पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी होती. सगळ्या गावासमोर आपल्याला डोकं नाही असं ऐकायची तिला सवय झालेली दिसत होती. मला तिची कीव आली आणि थोडा रागही आला. कुणी एवढं ऐकून घेत असेल तर मला त्याचाच राग येतो.

मुलगी हुशार निघाली. दोन महिन्यांत जोडाक्षरं वाचायला लागली. सुट्टी झाली की बाकीची मुलं देवळाच्या पायऱ्यांवरून उड्या मारत पळायची आणि ही पहिलीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसायची. मी हाकलल्याशिवाय उठायची नाही. पण दुकानात बसली की तिचं काहीतरी बिनसायचं. दहा नाणी मोजायला दिली की नऊ सांगायची. पंचवीस दिली की चोवीस. कधीही दोन चुकायची नाही, तीन चुकायची नाही. नेहमी एक कमी. मी रागावले, समजावलं, मोठ्याने मोज म्हणून सांगितलं. तिने मोठ्याने मोजलं, "लाभ, एक, दोन, तीन..." आणि दहाव्या नाण्याला नऊवर येऊन थांबली.

"अगं, लाभनंतर दोन," मी म्हटलं.

"आमच्यात लाभ देवाचा," ती म्हणाली. "तो मोजत नाय."

मला झालेला आनंद विचारू नका. दोन महिन्यांचं कोडं सुटलं होतं. बिचारीच्या घरची रीतच वेगळी, तिचा काय दोष. त्याच संध्याकाळी वाटेत तिचा बाप भेटला तेव्हा मी माझा शोध त्याला ऐकवला. त्याने खांद्यावरची कुदळ खाली टेकवली.

"आमच्यात देवाचा? कोन म्हनलं? आमी लाभ, दोन, तीन असंच मोजतो. समद्या गावात तसंच."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तिची आई पडवीच्या खांबामागे येऊन थांबली. मुलं गेल्यावर पुढे आली. पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकला, आणि तो मला वाटला होता तसा दबका मुळीच नव्हता.

"बाई, तुमी धन्याला काय सांगत बसलात? रातभर पोरीला मोजायला लावलं त्यानं."

मी लाभची कथा पुन्हा सांगायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तिला समदं येतं. मीच सांगितलंय तिला, एक कमी सांगत जा म्हनून."

मी खुर्चीत बसले.

"एकच कमी का?" मला दुसरं काही सुचलं नाही.

"जास्ती चुकली तर तो म्हनंल, हिलाबी डोस्कं नाय, काडा शाळंतनं. बराबर आली तर म्हनंल, झालं शिकून, काडा शाळंतनं. एक कमी असला की म्हनतो, जवळ आलीय, र्‍हाऊ दे अजून." तिने पदर खोचला. "बाई, शिकवा तिला. पन सावकाश शिकवा. मला ती फुडं शिकायला पायजे."

नेमणुकीआधीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला अध्यापनाच्या पाच पायऱ्या पाठ करायला लावल्या होत्या. त्यांतली एकही इथे लागू पडत नव्हती. तरी मी हो म्हटलं. त्या दिवसापासून शाळेत आमचं तिघींचं कारस्थान सुरू झालं. मुलगी वर्गात एक कमी सांगायची, मी डोळे वटारायची, आणि बाप भेटला की मी मान हलवून म्हणायची, "अजून एकाचा फरक पडतो." तो म्हणायचा, "एकच राहिला ना?" दिवाळी आली आणि गेली. खळी झाली, भात घरात आलं, शेतात वाल पेरला गेला. तो एक काही मिटला नाही. नोकरीत मी नंतर पुष्कळ खोटं बोलले, पण इतकं नेमकं खोटं पुन्हा जमलं नाही.

पण मी पडले उतावळी. मला वाटलं, हे किती दिवस चालणार? त्यापेक्षा आईलाच नवे पैसे शिकवले तर तीच बाजार सांभाळील, पोरगी बाजारात बसायचा प्रश्नच येणार नाही. इतका सोपा उपाय कुणाला कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं. मी तिला तसं म्हटल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हनता तर बघू."

मी शाळेतून कर्जतला परत निघायची तेव्हा ती बाजारातून गावाकडे परतत असायची; नवरा गुरं बांधायला पुढे गेलेला असायचा. मध्ये एक ओढा होता. त्याच्या काठावरच्या दगडांवर आम्ही बसायचो, मी पिशवीतून पुठ्ठ्याची नाणी काढायची आणि शिकवणी सुरू.

अशी विद्यार्थिनी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. दोन आण्यांचे किती म्हटलं तर म्हणायची अकरा. तीन आण्यांचे? वीस. आठ आण्यांचे? साठ. मी कोष्टक म्हणून घ्यायची, ती माझ्यामागून म्हणायची, आणि मी थांबले की तिचं सगळं आकाशातून पडल्यासारखं. पहिले दोन दिवस मी तिला "अहो" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी "अगं" वर आले. पाचव्या दिवशी मी पुठ्ठ्याची पावली ओढ्यात फेकली. ती शांतपणे उठली, पाण्यात उतरली, भिजलेली पावली आणून माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "उद्या यिल बाई." बारा दिवस मी शिकवलं. तेराव्या दिवशी हात टेकले, आणि घरी जाताना मी मनातल्या मनात तिच्या नवऱ्याची माफी मागितली. तो बरोबर होता. या बाईला डोकं नव्हतं.

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण त्याची मला पुढे फार लाज वाटली.

थंडीच्या शेवटी डिपोटी साहेब तपासणीला आले. शाळा तपासणारा हा मोठा साहेब वर्षातून एकदा यायचा आणि वर्षभर आमच्या स्वप्नात यायचा. हे साहेब कर्जतहून चालत आले होते, त्यामुळे घामाघूम आणि चिडलेले होते. गावातले बापे पडवीच्या कडेला दाटीवाटीने उभे राहिले. मुलीचा बापही त्यांच्यात होता. साहेब पाणी प्यायले, मग त्यांनी पाढे ऐकले, एका मुलाची नखं तपासली आणि दुकान पाहून खूश झाले.

"वा, नवे पैसे. मी गिऱ्हाईक होतो. दुकानदार कोण?"

मी दुसऱ्याच एका मुलाला पुढे ढकललं. साहेबांनी त्याच्या डोक्यावरून बोट नेऊन मागे बसलेल्या मुलीकडे दाखवलं. "ती बसू दे."

ती बसली. साहेबांनी एक काडेपेटी, एक रीळ, चिंचोक्यांचा एक वाटा आणि ती साबणाची वडी असा माल एकदम समोर ओढला. "प्रत्येकी एक आणा. बरोबर?" मग पुठ्ठ्याची नाणी मोजत एकेका वस्तूपुढे ठेवत गेले. "याचे सहा. याचे सहा. याचे सहा. याचे सहा. चोवीस झाले. हिशेब चुकता?"

मी देवळाकडे तोंड करून उभी होते. ती तेवीस म्हणेल, साहेब हसतील, माझ्या शेऱ्यात एक वाईट वाक्य पडेल आणि प्रकरण मिटेल, असं मी धरून चालले होते. मुलीने नाण्यांकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. पुन्हा नाण्यांकडे पाहिलं.

"एक कमी हाय," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, शहाणी माझी बाय.

"कमी?" साहेब म्हणाले. "नीट मोज पाहू."

"मोजलं. चार आने झाले साहेब. चार आन्याचं पंचवीस. तुमी एकेक करून सहा सहा दिलं म्हनून चोवीस झालं. एकेकच घ्यायचं होतं तर चार वेळा दुकानात यायचं होतं. आता समदं एकदम घेतलंत, तर एक पैसा अजून द्या."

साहेबांनी नाण्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाहिलं आणि मग इतक्या मोठ्याने हसले की बाहेर बांधलेली शेळी दचकली. त्यांनी खिशातून खराखुरा नवा पैसा काढून तिच्या तळहातावर ठेवला. शेऱ्याच्या वहीत माझ्याबद्दल असं काही लिहिलं की त्यावर पुढची पाच वर्षं मला कुणी काही बोललं नाही. दोन मिनिटं मी फार सुखात होते. मग मी बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता.

"झालं की शिकून," तो शेजारच्याला म्हणाला.

साहेब गेल्यावर मुलगी माझ्यापाशी आली. डोळे भरले होते. "बाई, मी गपच बसनार होते. पन तो पैसा आपल्या दुकानाचा होता."

हिशेब बरोबर आला म्हणून कुणाला रागवायचं मला शिकवलेलं नव्हतं.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली आणि तिच्या घरी गेले. बापाने मला घोंगडी अंथरून बसवलं, गुळाचा चहा दिला. मी तावातावाने बोलले. मुलगी हुशार आहे, चौथी होईल, सातवीला फायनल होईल, माझ्यासारखी बाई होईल. शेवटच्या वाक्याला तो थोडा घाबरलेला दिसला. मग त्याने सावकाश उत्तर दिलं.

"बाई, तुमी चांगलं शिकवलंत, तुमचं उपकार हायेत. पन सुताराकडं पाट करायला दिला, पाट झाला, तरी तो रंधा मारीतच बसला तर काय करायचं? हिची आय एकली बसली तर लोक लुटून न्हेतात. मी शेताकडं बघू का बाजाराकडं?"

तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. निघताना त्याने माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, ती माझ्यावर रागावली आहे. रागावण्याचा तिला हक्कही होता.

पंधरा दिवसांनी सुट्टीच्या दिवशी मावशीने मला बाजारात पिटाळलं. मी कापडवाल्याच्या ओट्याआडून वळले आणि समोर त्या मायलेकी दिसल्या. बाप कुठे दिसत नव्हता. मुलगी भाजीच्या जुड्या बांधत होती. आईपुढे तीन गिऱ्हाईकं एकदम उभी होती.

मी तिथेच थांबले. एकाला साडेतीन आण्यांची भाजी, त्याने रुपया दिला. दुसरीने तोंडल्यांचे दोन वाटे घेऊन जुनी चवली आणि वर काही नवे पैसे पुढे केले. तिसरा घासाघीस करत होता. आईने एकाच्या हातात मोड ठेवली, दुसरीला तिचे दोन पैसे परत दिले, तिसऱ्याला म्हणाली, "एकोनीस म्हन्जे एकोनीस, अठराला शेजारी बघा," आणि हे सगळं खाली न बघता, बोटांनी नाणी चाचपत. मी नंतर मावशीच्या ओसरीवर बसून ते हिशेब कागदावर केले. मला दोनदा करावे लागले.

गिऱ्हाईकं हलली तेव्हा तिने मला पाहिलं. ती लाजली नाही, घाबरली नाही. पोतं सरकवून मला बसायला जागा केली.

"कधी शिकलात?" मी विचारलं. मी पुन्हा "अहो" वर आले होते.

"नवा पैसा आला त्याच बाजारात. त्यात शिकायचं काय? येका दिसात कळलं."

"मग वर्षभर लोक तुम्हाला फसवत होते ते?"

"कोन फसवतंय मला? रोज दोन-चार पैसं मी बाजूला काडायची आन् घरी सांगायची, आजबी फसले. ते पैसं हिच्या पाटीला झाले, पुस्तकाला झाले."

"पण कशासाठी? नवऱ्याने गावासमोर..."

"मला येतं म्हनून सांगितलं असतं, तर पोरीला शाळंत कशाला घातली असती?" ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी तिच्यापुढे तीन आण्यांचे वीस म्हणते आहे. "तिचा भाऊ असता तर घातलाच असता. पोरीला कारन लागतं. मला येत नाय, ह्येच कारन होतं."

ओढ्याकाठचे बारा दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. तिला शिकवण्यात मी यशस्वी झाले असते तर त्याच दिवशी पोरीचं नाव काढलं गेलं असतं. आणि ती रोज येऊन, माझ्या शिव्या खाऊन, मला अपयशी करून परत जात होती. मी म्हटलं, "मला तरी सांगायचं."

"तुमच्या तोंडावर समदं दिसतं बाई. आन् तुमी इतक्या जीव तोडून शिकवत होता, नको म्हनवंना."

मी उगाच वांगी निवडायला लागले. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता एक हाय. शेर बंद होनार म्हनतात. सरकारनं किलो काडलाय. त्या वान्याकडं आलाय बघा, नवं वजन." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला काय त्यातलं कळत नाय."

एवढ्यात तिचा नवरा भाताच्या गिरणीतून आला. मला बघून त्याने हात जोडले. त्या क्षणी एका गिऱ्हाइकाने वाण्याकडचं ते नवं वजन दाखवून विचारलं, किलोने काय भाव. आईचा चेहरा माझ्यादेखत बदलला. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "किलो? म्हन्जे शेर का? का दोन शेर?" मग मुलीकडे वळली. "तुला येतं का गं?" मुलीने आईकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"घ्या," नवरा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला. "हिला डोस्कं नाय म्हनतो ते उगाच नाय. आन् पोरीलाबी शाळंत ह्ये नाय शिकवलं?" तो माझ्याकडे वळला. "बाई, ह्यो किलो शाळंत शिकवतात का?"

किलोचं वजन मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

"शिकवतात," मी म्हटलं. "पण वेळ लागतो."

"किती? दिवाळीपातुर?"

"त्यात किलो येतो, ग्रॅम येतो, मग लिटर, मग मीटर. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. अर्धवट शिकली तर नुकसान जास्त." माझ्या तोंडावर सगळं दिसतं हे मला नुकतंच कळलं होतं, म्हणून मी वांग्याकडे बघत बोलत होते. "सातवीपर्यंत लागतील."

"सातवी?" तो खरंच हादरला. "इतकं अवघड हाय?"

"फार अवघड आहे."

त्याने वाण्याकडच्या वजनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्याचा आवाज तिच्याशी बोलताना मऊ झालेला ऐकला.

"मंग हिला तरी कसं यायचं," तो म्हणाला.

ती खालीच बघत होती. पोरीच्या हातातली जुडी काढून घेऊन तिने टोपलीत ठेवली, तिचे हात आपल्या पदराला पुसले आणि म्हणाली, "जा गं, बाईंसंगं."